इंग्रजीतील अप्रत्यक्ष प्रश्न : पदक्रम आणि विरामचिन्हे यांचा ऐतिहासिक मागोवा

गोषवारा

इंग्रजीतील अप्रत्यक्ष प्रश्नाबाबत दोन नियम सर्वत्र शिकविले जातात. पहिला, कर्ता क्रियापदाच्या आधी यावा. दुसरा, वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह न देता पूर्णविराम द्यावा. पाठ्यपुस्तकांत हे दोन्ही नियम एकाच नियमाची दोन अंगे म्हणून येतात. प्रत्यक्षात त्यांचे उगम, कालखंड आणि कारणे भिन्न आहेत. पदक्रमाचा नियम प्राचीन इंग्रजीच्या वाक्यरचनेतून आलेला आहे, तर विरामचिन्हाचा नियम मुद्रणसंस्कृती व अठराव्या शतकातील व्याकरणलेखन यांतून स्थिर झाला. प्रस्तुत निबंधात या दोन इतिहासांचा स्वतंत्र मागोवा घेऊन मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या चुकांकडे त्या प्रकाशात पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : अप्रत्यक्ष प्रश्न, पदक्रम, विरामचिन्हे, साहाय्यक क्रियापद, मराठी भाषक विद्यार्थी.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन उत्तरपत्रिकांत एक वाक्य वर्षानुवर्षे आढळते : 'ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग?' परीक्षक या वाक्यात दोन ठिकाणी लाल खूण करतो. 'वॉज आय' या शब्दांची अदलाबदल करतो आणि शेवटचे प्रश्नचिन्ह खोडून तेथे पूर्णविराम देतो. समासात बहुधा 'मातृभाषेचा प्रभाव' असा शेरा असतो. खुणा योग्य आहेत. कारण प्रमाण लिखित इंग्रजीत हे वाक्य 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.' असेच लिहिले जाते. शेरा मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. मराठीत प्रश्न करताना कर्ता व क्रियापद यांची अदलाबदल होतच नाही. मग जी अदलाबदल मातृभाषेत नाही, ती मातृभाषेच्या प्रभावाने इंग्रजीत कशी येईल?

या प्रश्नाचे उत्तर केवळ वर्गातील निरीक्षणातून मिळणार नाही. त्यासाठी इंग्रजी भाषेचा इतिहास पाहावा लागतो. हा इतिहास पाहताना असे दिसते की, परीक्षकाने केलेल्या दोन खुणा दोन वेगळ्या कालखंडांतील आहेत. पहिल्या खुणेमागे हजार वर्षांहून अधिक काळाची वाक्यरचना आहे. दुसऱ्या खुणेमागे सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी ग्रंथनिविष्ट झालेला लेखनसंकेत आहे.

२. प्राचीन इंग्रजीतील प्रधान व गौण वाक्ये

प्राचीन इंग्रजी ही जर्मॅनिक भाषाकुलातील भाषा होती. आजच्या जर्मन किंवा डच भाषांप्रमाणेच तिच्यात प्रधान वाक्य आणि गौण वाक्य यांचा पदक्रम सारखा नव्हता. प्रधान वाक्यात काळदर्शक क्रियापद पुष्कळदा दुसऱ्या स्थानी येई. प्रश्नार्थक शब्द पहिल्या स्थानी आला, की त्याच्यामागोमाग क्रियापद व नंतर कर्ता असा क्रम होई. गौण वाक्यात मात्र क्रियापद मागे, अनेकदा वाक्याच्या शेवटापर्यंत जाई. 'मी विचारले', 'मला ठाऊक नाही' अशा प्रधान वाक्याच्या आश्रयाने येणारा प्रश्न हे गौण वाक्यच असल्याने त्यात क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी घेत नसे.

म्हणजेच 'अप्रत्यक्ष प्रश्नात पदक्रम उलटा करून पूर्ववत् करावा' असे जे शिकविले जाते, ते वर्गापुरते सोयीचे असले तरी इतिहासाच्या दृष्टीने बरोबर नाही. येथे काहीही पूर्ववत् केले जात नाही. क्रियापद पुढे आणण्याची क्रिया प्रधान प्रश्नवाक्यातच घडत होती. आश्रित प्रश्नात ती मुळातच घडत नव्हती.

होय किंवा नाही असे उत्तर अपेक्षिणाऱ्या अप्रत्यक्ष प्रश्नांसाठी प्राचीन इंग्रजीत आजच्या 'वेदर' व 'इफ' या शब्दांची पूर्वरूपे वापरली जात. अशा वाक्यांत संशय किंवा अनिश्चितता दाखविण्यासाठी क्रियापदाचे संशयार्थी रूपही येत असे. 'वेदर'चे पूर्वरूप तर प्रत्यक्ष प्रश्नाच्या आरंभीही येऊ शकत असे. पुढे 'वेदर' हा शब्द केवळ अप्रत्यक्ष प्रश्नापुरता उरला आणि संशयार्थी रूपे झिजून गेली. त्यामुळे प्रश्न आश्रित आहे, हे सांगण्याचा जो भार पूर्वी क्रियापदाच्या रूपावरही होता, तो हळूहळू पदक्रमावर आणि जोडशब्दावर येऊन पडला.

३. 'डू' या साहाय्यक क्रियापदाचा उदय

मध्य इंग्रजीच्या काळात आणि त्यानंतरही कोणतेही मुख्य क्रियापद कर्त्याच्या आधी आणून प्रश्न करता येत असे. 'तू कोठे राहतोस?' यासाठी 'व्हेअर लिव्ह यू?' या धर्तीची रचना नैसर्गिक होती. ती अप्रत्यक्ष करताना 'व्हेअर यू लिव्ह' एवढीच अदलाबदल पुरेशी होती.

पंधराव्या शतकापासून प्रश्नवाक्यांत 'डू' हे साहाय्यक क्रियापद दिसू लागले आणि सोळाव्या शतकात त्याचा प्रसार वेगाने झाला. आल्व्हार एलेगोर्ड या स्वीडिश अभ्यासकाने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रसाराचा आकडेवारीसह आलेख मांडला. पुढील बहुतेक संशोधन त्या पायावर उभे आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रश्नांतील 'डू'चा वापर बव्हंशी स्थिरावला होता. मुख्य क्रियापदाने कर्त्यापुढे जाण्याची मुभा संपली. ती केवळ साहाय्यक क्रियापदांना आणि 'बी' या क्रियापदाला उरली.

या बदलाचा अप्रत्यक्ष प्रश्नावर झालेला परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. 'व्हेअर डझ ही लिव्ह?' हा प्रश्न आज अप्रत्यक्ष करावयाचा झाल्यास 'डझ' काढून टाकावा लागतो, त्यातील काळ व वचन यांची खूण मुख्य क्रियापदाकडे परत द्यावी लागते आणि 'व्हेअर ही लिव्ह्ज' अशी रचना करावी लागते. सोळाव्या शतकापूर्वीच्या भाषकाला जे काम एका पायरीत साधत होते, त्यासाठी आजच्या विद्यार्थ्याला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. इतिहासाच्या क्रमाने पाहता आश्रित प्रश्न जेथे होता तेथेच राहिला. प्रत्यक्ष प्रश्न त्याच्यापासून दूर गेला. पाठ्यपुस्तक मात्र प्रत्यक्ष प्रश्नापासून आरंभ करते आणि विद्यार्थ्याला तेथून मागे आणते. या विषयातील अवघडपणाचे मूळ या उलट्या वाटचालीत आहे.

'बी' क्रियापदाची स्थिती आणखी वेगळी आहे. 'व्हेअर इज ही?' आणि 'व्हेअर ही इज' यांत एकही शब्द वाढत वा कमी होत नाही. केवळ जागा बदलतात. चुकीची रचना आणि बरोबर रचना यांत तेच शब्द असल्याने चूक सहज नजरेतून सुटते. उत्तरपत्रिकेतील ज्या वाक्यापासून या निबंधाचा आरंभ झाला, त्यातही क्रियापद 'बी'चेच आहे.

४. प्रश्नचिन्हाचा प्रवास

प्रश्नचिन्हाचा इतिहास पदक्रमाच्या इतिहासाहून पूर्णपणे निराळा आहे. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅरोलिंजियन राजवटीतील लॅटिन हस्तलिखितांत एक नवी खूण आढळू लागली : एक बिंदू आणि त्याच्यावरून उजवीकडे चढत जाणारी नागमोडी रेघ. यॉर्कहून शार्लमेनच्या दरबारी गेलेल्या अल्क्विन या विद्वानाचे नाव या खुणेशी पुष्कळदा जोडले जाते; तथापि तिचा जनक म्हणून कोणा एका व्यक्तीचे नाव निश्चितपणे सांगता येत नाही. 'प्रश्न' या अर्थाच्या लॅटिन शब्दाची आद्याक्षरे एकाखाली एक लिहून हे चिन्ह बनले, ही लोकप्रिय कथाही हस्तलिखितांच्या पुराव्यावर टिकत नाही.

ही खूण मूलतः वाचकाच्या आवाजासाठी होती. धर्मग्रंथ मोठ्याने वाचणाऱ्याने स्वर कोठे चढवावा आणि कोठे थांबावे, हे मध्ययुगीन विरामचिन्हे सुचवीत. वाक्याचे व्याकरण दाखविणे हे त्यांचे दुय्यम कार्य होते. एम. बी. पार्क्स यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात पाश्चात्त्य विरामचिन्हांचा हा प्रवास विस्ताराने मांडला आहे.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे मुद्रणालय सुरू केले, तेव्हा इंग्रजीत विरामचिन्हांची एकसारखी पद्धत नव्हती. सोळाव्या शतकात प्रश्नचिन्ह इंग्रजी मुद्रणात रुळले, परंतु त्याच्या कक्षा अस्पष्ट होत्या. १५८० च्या दशकात हेन्री डेनहॅम या लंडनच्या मुद्रकाने उत्तर न मागणाऱ्या प्रश्नांसाठी उलट्या तोंडाचे वेगळे प्रश्नचिन्ह वापरून पाहिले. ते फार काळ टिकले नाही. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात आज जेथे उद्गारचिन्ह दिले जाईल, अशा अनेक ठिकाणी प्रश्नचिन्ह छापलेले आहे. बेन जॉन्सनचे इंग्रजी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात विरामचिन्हांचा विचार आहे. परंतु कोणते चिन्ह कोठे द्यावे, हा निर्णय पुढेही बराच काळ खिळे जुळविणाऱ्यांच्या हाती राहिला.

५. अवतरणचिन्हे आणि नियमाचे ग्रंथीकरण

अप्रत्यक्ष प्रश्नानंतर प्रश्नचिन्ह देऊ नये, असा नियम करण्यापूर्वी दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे देणे आणि त्यांचा केवळ वृत्तान्त देणे यांतील सीमा कागदावर स्पष्ट व्हावी लागते. ही सीमा अवतरणचिन्हांनी आखली. इंग्रजीत संवाद अवतरणचिन्हांत देण्याची पद्धत अठराव्या शतकात, विशेषतः कादंबरीच्या उदयाबरोबर, स्थिर होत गेली. प्रत्यक्ष कथनाला स्वतःचे कुंपण मिळाल्यावर त्याबाहेरचे कथन अप्रत्यक्ष ठरले आणि त्याचे नियम वेगळे करणे शक्य झाले.

याच शतकात इंग्रजी व्याकरणांचे पीक आले. रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण १७६२ मध्ये आणि लिंडली मरे यांचे व्याकरण १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले. मरे यांच्या ग्रंथाच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या व तो ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांतील शाळांत पोहोचला. प्रश्न विचारला गेला एवढेच जेथे सांगितले आहे, तेथे प्रश्नचिन्ह देऊ नये, असा स्पष्ट नियम या ग्रंथात उदाहरणासह आढळतो. प्रश्नचिन्ह म्हणजे वाचकाच्या आवाजासाठी केलेली सूचना, ही मध्ययुगीन कल्पना येथे मागे पडली आणि प्रश्नचिन्ह म्हणजे प्रधान वाक्याच्या व्याकरणिक प्रकाराची खूण, ही कल्पना पुढे आली.

त्या काळातील सर्वच संकेत मात्र टिकले नाहीत. अठराव्या शतकातील मुद्रणात 'विचारले' या अर्थाच्या क्रियापदानंतर आणि आश्रित वाक्यापूर्वी स्वल्पविराम देण्याची पद्धत सर्रास होती. आजच्या इंग्रजीत तो स्वल्पविराम चूक मानला जातो. एकाच परंपरेतील एक संकेत कायमचा झाला व दुसरा लोप पावला, यावरून विरामचिन्हांचे नियम हे भाषेचे अंगभूत नियम नसून लेखनव्यवहारातील करार आहेत, ही गोष्ट स्पष्ट होते.

६. नियमाच्या सीमेवरील रचना

काही रचना या दोन्ही नियमांची मर्यादा दाखवितात. त्यांपैकी चार येथे पाहणे उपयुक्त ठरेल.

(अ) प्रश्नार्थक शब्दच कर्ता असेल, तर प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष प्रश्नांचा पदक्रम एकच असतो. 'हू केम?' आणि 'आय नो हू केम.' यांतील प्रश्नांश सारखाच आहे. येथे भेद दाखविण्याचे काम प्रधान वाक्य आणि विरामचिन्ह करतात.

(आ) 'ही आस्क्ड व्हॉट वॉज द मॅटर.' ही रचना वरवर नियमभंग वाटते, पण प्रमाण इंग्रजीत ती मान्य आहे. 'व्हॉट द मॅटर वॉज' हीदेखील मान्य आहे. 'व्हॉट' हाच कर्ता मानला, तर पहिल्या रचनेत विपर्यास उरतच नाही.

(इ) 'कुड यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?' येथे आश्रित प्रश्नाचा पदक्रम सरळ आहे, तरीही शेवटी प्रश्नचिन्ह येते. कारण प्रधान वाक्यच प्रश्न आहे. उलट 'आय वंडर व्हेअर द स्टेशन इज.' या वाक्याचा हेतू माहिती मागण्याचा असूनही शेवटी पूर्णविराम येतो. प्रश्नचिन्ह ठरते ते प्रधान वाक्यावरून आणि पदक्रम ठरतो तो आश्रित वाक्यावरून, हे या जोडीइतके स्पष्टपणे अन्यत्र दिसत नाही.

(ई) जेन ऑस्टेनच्या 'एमा' (१८१५) पासून इंग्रजी कादंबरीत रुळलेल्या मुक्त अप्रत्यक्ष निवेदनात पात्राच्या मनातील प्रश्न भूतकाळात व तृतीय पुरुषात येतो, परंतु त्याचा विपर्यस्त पदक्रम आणि प्रश्नचिन्ह दोन्ही कायम राहतात. 'व्हाय हॅड ही कम?' असे वाक्य निवेदकाचे की पात्राचे, हा प्रश्न मुद्दाम अनिर्णित ठेवलेला असतो. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष या दोनच कप्प्यांत सर्व इंग्रजी गद्य बसत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

७. प्रमाणेतर इंग्रजीतील विपर्यास

अप्रत्यक्ष प्रश्नातील विपर्यस्त पदक्रम ही केवळ परकीय विद्यार्थ्यांची चूक आहे, असा समज इंग्रजीच्या जन्मजात भाषकांकडे पाहिले असता टिकत नाही. आयर्लंडमधील इंग्रजीत 'आय आस्क्ड हिम वुड ही कम' ही रचना सर्वसामान्य आहे. ॲलिसन हेन्री यांनी १९९५ मध्ये बेलफास्टच्या इंग्रजीच्या संदर्भात आणि मार्क्कू फिलप्पुला यांनी १९९९ मध्ये आयरिश इंग्रजीच्या व्यापक संदर्भात तिचा अभ्यास केला आहे. आयरिश भाषेत प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष अशा दोन्ही प्रश्नांत एकच प्रश्नार्थक निपात येतो. 'वेदर' किंवा 'इफ' यांसारखा स्वतंत्र जोडशब्द तेथे लागत नाही. या साम्याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' (१९२२) मधील मॉली ब्लूमचे अखेरचे स्वगत जवळजवळ विरामचिन्हरहित आहे आणि त्यात ही रचना येते. तेथे प्रश्नचिन्हाचा आधार नाही, पदक्रमही प्रमाण नाही. तरी कोणी कोणाला काय विचारले, हे वाचकाला समजते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. विल्यम लबॉव्ह यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय किशोरांच्या भाषेचा अभ्यास केला. तो त्यांच्या १९७२ च्या ग्रंथात समाविष्ट आहे. 'इफ' असलेले प्रमाण वाक्य ऐकवून ते जसेच्या तसे पुन्हा म्हणावयास सांगितले असता या मुलांनी 'इफ' गाळून विपर्यस्त पदक्रमाचे वाक्य म्हटले. वाक्याचा अर्थ त्यांना पूर्णपणे कळला होता. तो त्यांनी स्वतःच्या बोलीच्या व्याकरणात व्यक्त केला होता. शिक्षकाला जी चूक वाटते, ती आकलनाचा अभाव नसून दुसऱ्या नियमाचे पालन असू शकते, हा या निरीक्षणाचा बोध आजही महत्त्वाचा आहे.

भारतीय इंग्रजीबाबतही असे निरीक्षण नोंदविले गेले आहे. पीटर ट्रडगिल व जीन हॅना यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात प्रत्यक्ष प्रश्नात विपर्यासाचा अभाव आणि अप्रत्यक्ष प्रश्नात विपर्यास, अशी दोन वैशिष्ट्ये भारतीय इंग्रजीच्या संदर्भात दिली आहेत.

८. मराठी भाषक विद्यार्थी आणि 'मातृभाषेचा प्रभाव'

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. मराठीत 'तू कोठे जात आहेस?' हा प्रश्न वृत्तान्तात दोन प्रकारे येतो : 'तू कोठे जात आहेस, असे त्याने मला विचारले' किंवा 'मी कोठे जात आहे, हे त्याने मला विचारले.' दोन्हींत पदक्रम अचल आहे. पहिल्या प्रकारात तर पुरुषही बदलत नाही. विचारलेले वाक्य अखंड उचलून 'असे' या शब्दाने बांधले जाते. संस्कृतातील 'इति'ची आठवण करून देणारी ही पद्धत मराठीच्या अंगवळणी पडलेली आहे.

मराठीचा पदक्रम थेट इंग्रजीत उतरला, तर 'व्हेअर यू आर गोइंग?' असा प्रत्यक्ष प्रश्न तयार होईल आणि असा प्रश्न बोलण्यात ऐकूही येतो. अप्रत्यक्ष प्रश्न मात्र आपोआप बरोबर यावयास हवा. तो चुकतो, याचा अर्थ विद्यार्थी मराठीचा पदक्रम वापरीत नाही. परिश्रमाने शिकलेला इंग्रजी विपर्यासाचा नियम तो जेथे नको तेथेही लावीत आहे. त्याला जोड मिळते ती प्रश्न अखंड उचलण्याच्या मराठी सवयीची. म्हणजे मातृभाषेचा प्रभाव असलाच, तर तो पदक्रमाचा नसून उद्धृत करण्याच्या रीतीचा असण्याची शक्यता अधिक आहे.

प्रश्नचिन्हाची गोष्ट वेगळी आहे. मोडी लेखनात विरामचिन्हे नव्हती. प्रश्न 'काय', 'का', 'कोठे' अशा शब्दांनीच ओळखला जाई. आजची विरामचिन्हे मराठीत इंग्रजी मुद्रणाच्या प्रभावाने एकोणिसाव्या शतकात आली. मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांचे या कामातील श्रेय सर्वमान्य असून त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० मध्ये प्रसिद्ध झाली. चिन्ह आले, तरी मराठीची वाक्यरचना तीच राहिली. त्यामुळे 'तू कोठे जात आहेस? असे त्याने विचारले' आणि 'तू कोठे जात आहेस, असे त्याने विचारले' या दोन्ही पद्धती मराठी मुद्रणात दिसतात. उत्तरपत्रिकेतील अनावश्यक प्रश्नचिन्हामागे मराठी लेखनातील ही मोकळीक असू शकते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना हा विषय प्रामुख्याने वाक्यरूपांतराच्या स्वाध्यायांतून शिकविला गेला. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले पी. सी. रेन आणि त्यांचे सहलेखक एच. मार्टिन यांच्या व्याकरणाने अनेक पिढ्यांना ही सवय लावली. अवतरणचिन्हे काढा, काळ बदला, पुरुष बदला, क्रम बदला, चिन्ह बदला, अशी ही यादी गुण मिळवून देते. परंतु कोणता बदल कशासाठी, हे सांगत नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अप्रत्यक्ष प्रश्नातील सरळ पदक्रम हा व्याकरणकारांनी लादलेला नियम नसून गौण वाक्याच्या प्राचीन रचनेचा वारसा आहे. 'डू'च्या उदयाने प्रत्यक्ष प्रश्न बदलला आणि दोहोंतील अंतर वाढले.

२) प्रश्नचिन्ह वगळण्याचा नियम मुद्रण, अवतरणचिन्हे आणि अठराव्या शतकातील व्याकरणे यांतून स्थिर झालेला लेखनसंकेत आहे.

३) अध्यापनात हे दोन नियम वेगळे करावेत. आश्रित वाक्य पाहून पदक्रम ठरवावा. प्रधान वाक्य पाहून चिन्ह ठरवावे. सराव 'बी' क्रियापदाच्या वाक्यांपासून सुरू करावा, कारण गोंधळ तेथे अधिक आहे.

४) विपर्यस्त अप्रत्यक्ष प्रश्नाला सरसकट 'मातृभाषेचा प्रभाव' म्हणणे मराठीच्या बाबतीत शास्त्रीयदृष्ट्या टिकणारे नाही.

प्रमाण इंग्रजी शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. मुलाखती, अर्ज आणि स्पर्धा परीक्षा यांत विद्यार्थ्याचे मूल्यमापन याच प्रमाणावर होणार असल्याने लाल खूण करणे भागच आहे. परंतु त्या खुणेशेजारचा शेरा विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेविषयी काही सांगत असतो. आपली भाषाच आपल्याला अडवीत आहे, असा समज घेऊन तो वर्गाबाहेर पडला, तर एका वाक्याच्या दुरुस्तीची किंमत फार मोठी ठरते. त्याचे वाक्य नियमाच्या अज्ञानातून नव्हे, तर एका नियमाच्या अतिरिक्त पालनातून चुकले आहे, एवढे त्याला सांगितले गेले तरी भाषेचा इतिहास शिकविण्याचे प्रयोजन काही अंशी सफल होईल.